दादाच्या हातची पेटी

माझ्या भावाच्या हातात कला आहे, असं इतवारीतल्या एका अख्ख्या गल्लीचं मत आहे. गल्लीतली बरीच माणसं आता राहिली नाहीत, घरं पाडून तिथं मजल्यावर मजले चढले, पण मत शाबूत आहे. अजूनही कुणी जुनं ओळखीचं भेटलं की विचारतं, "काय वं, भाऊ बनवते का काही आता?" मी म्हणते, "नाही हो, आता डोळ्यांनी दिसत नाही त्याला." विचारणारा हळहळतो. माझ्या भावानं आयुष्यात एकदा कॅलेंडर टांगायला खिळा ठोकायला घेतला होता. तो खिळा अजून भिंतीत गेलेला नाही.

ही कला त्याच्या हातात कशी आली ते मला चांगलं ठाऊक आहे. ती माझ्या हातातून काढून त्याच्या हातात ठेवली गेली, तेव्हा मी मुंडावळ्या बांधून समोरच बसले होते.

आमचे बाबा लकडगंजात एका प्लायवुडच्या दुकानात गिऱ्हाइकांना माल दाखवायचे. लकडगंजात तेव्हा लाकडाशिवाय दुसरं काही नव्हतं. आमच्या घरी दाण्याच्या कुटातही भुसा निघतो, असं आई म्हणायची. प्लायवुडवर वरून चिकटवायला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा मिळतो, त्याला विनीअर म्हणतात. पोस्टकार्डाएवढा जाड, आणि जरा वाकडा धरला की कडकन तुटणारा. गिऱ्हाइकाला दाखवायचे नमुने जुने झाले की दुकानदार ते फेकून द्यायचा आणि बाबा ते उचलून घरी आणायचे. का आणता, म्हटलं तर म्हणायचे, "असू दे, कामात येईल." कोणत्या कामात, ते त्यांनाही माहीत नव्हतं. खाटेखाली गठ्ठेच्या गठ्ठे साठले होते. शिसमाचा काळपट, शिवणीचा दुधावरच्या सायीसारखा, हळदूचा पिवळा, बिजाचा लालसर.

दादा त्या दिवसांत कॉलेजात होता, म्हणजे सकाळी घरातून कॉलेजच्या दिशेनं निघायचा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं याचं होऊ नये म्हणून बाबांनी त्याला नक्षीकामाची करवत आणून दिली. लोखंडाची मोठी कमान आणि तिच्या दोन टोकांत ताणलेलं केसासारखं बारीक पातं. मुलाला छंद लागेल, खाटेखालचे पापुद्रेही संपतील, असा दुहेरी विचार. दादानं त्या करवतीनं पतंगाची एक काडी कापली. पातं तुटलं आणि छंद संपला.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. 'घरी बसले होते' हे तेव्हा आमच्याकडं सगळे अगदी सहज म्हणत. धुणं, केर, स्वयंपाक, पाणी भरणं आणि दादाच्या शर्टाला इस्त्री, एवढं सगळं मी बसून करायचे. दुपारी थोडा वेळ मोकळा मिळे. त्या वेळात मी करवतीत नवं पातं बसवलं. छंद वगैरे काही नव्हता. एवढी चांगली वस्तू खुंटीवर गंजत पडलेली मला बघवेना, इतकंच.

मला कुणी शिकवलं नाही, मी बिघडवून बिघडवून शिकले. पहिले कित्येक दिवस पाती तुटत होती आणि पापुद्रे चिरत होते. मग एक दिवस कळलं की वळणावर पातं वळवायचंच नसतं. पातं आपलं एका जागी सरळ वरखाली जात राहतं, आणि आपण खालचं लाकूड हलक्या हातानं फिरवत राहायचं. पुढं असंही कळलं की काळा आणि पांढरा असे दोन पापुद्रे पेजेनं एकमेकांवर चिकटवून एकदमच कापले, की काळ्यातलं पान पांढऱ्याच्या भोकात बरोबर बसतं. ज्या दिवशी पहिलं पान असं बसलं आणि त्यावरून बोट फिरवलं तर सांधा लागेना, त्या दिवशी मी एकटीच मोठ्यानं हसले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं वं?" मी म्हटलं, "काही नाही." सांगितलं असतं तरी तिला ते 'काही नाही'च वाटलं असतं.

आईचा राग करवतीवर नव्हता, तिच्या कढईवर होता. पापुद्र्याची कड तापलेल्या वाळूत खुपसली की भाजून तपकिरी होते आणि सपाट पानाला गोलाई आल्यासारखी वाटते, हे मला कळलं, आणि आमच्याकडं वाळूची कढई होती ती फुटाणे भाजायची. एकदा बाबांच्या फुटाण्यांत हळदूची पाकळी निघाली. बाबांनी ती चावून पाहिली आणि निमूटपणे ताटाच्या कडेला ठेवली. चिकटवायच्या सरसाचं तर विचारूच नका. "हाडाकातड्याचा सरस माह्या चुलीवर चढनार नाही," असं आईनं एकदाच सांगितलं. मग मी परसात तीन विटा मांडून तो शिजवू लागले. शेजारीण कुंपणापाशी येऊन विचारायची, "तुमच्याइकडं काही मेलं का वं?"

तोवर माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली आणि आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहायची. भरतकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाहुण्यांसमोर ती पुण्याची भाषा बोलायची आणि पाहुणे दाराबाहेर गेले की उरलेलं वाक्य आमच्या भाषेत पुरं करायची. मुलीकडचा कार्यक्रम कसा पार पाडायचा याचं सगळं शास्त्र तिच्याकडं होतं. तिनं स्वतः भरलेला एक टेबलक्लॉथ आणून आमच्या टेबलावर अंथरला आणि मला म्हणाली, "विचारलं तं मान खाली घालायची. बोलायचं नाही."

इतवारीतली माणसं मला बघायला आली. भांड्यांचं दुकान, काटोलकडं थोडी शेती, मुलगा दुकानात. मुलाच्या आईनं माझ्याकडं फारसं पाहिलंच नाही, टेबलक्लॉथकडं पाहिलं. त्यांचा स्वतःचा हात भरतकामात मुरलेला होता. त्यांनी कापड उचललं, उलटं केलं, मागचे टाके पाहिले आणि म्हणाल्या, "माय वं! मांगून बी समोरच्यावानीच हाय. कोणं भरलं?"

"सगळं तिनंच भरलं आहे," आत्या म्हणाली.

मी मान खाली घातली. बाबांना मात्र राहवलं नाही. ते म्हणाले, "तशी ती लाकडाचंही बारीक..." आत्याला एवढा मोठा खोकला आला की बाबांना पाणी आणायला उठावं लागलं. पाणी घेऊन येईपर्यंत पसंती झाली होती.

पाहुणे गेल्यावर आत्या बाबांवर तुटून पडली. "काही अक्कल आहे का तुले? करवत चालवनारी सून कोन करून घेईल गा? मांगतील का ते पोरगी, अन् मांगली तं सुतारकामाले लावतील." बाबा म्हणाले, "पण टेबलक्लॉथ तर तू भरलास." आत्या म्हणाली, "मंग? समद्याइचे असेच असतात."

हे खरंच होतं. लग्नात मुलीच्या हातची कला म्हणून जे टेबलावर मांडतात, त्या रुखवतातलं काय कुणाच्या हातचं असतं हे सगळ्या मांडवाला माहीत असतं. मावशीचं विणकाम, काकूचे लाडू, शेजारणीचं मण्यांचं तोरण. आत्याच्या ओळखीत मण्यांचा एक हंस होता, तो महालातल्या सगळ्या नवऱ्या मुलींचा हंस होता. लग्न झालं की पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून पुढच्या लग्नाला जायचा. मुलाकडच्या बायका त्याला ओळखत, कारण त्यांच्याही लग्नात तोच होता. तरी विचारायचं, "कोणं केलं?" आणि तरी सांगायचं, "आमच्या पोट्टीनं." यात कुणी खोटं बोलतंय असं कुणालाच वाटत नसे.

पण मला त्या टेबलावर एक तरी वस्तू खरी हवी होती. त्यात अभिमान होताच, पण त्याहून जास्त स्वार्थ होता. मला करवत सासरी न्यायची होती. नव्या नवरीच्या ट्रंकेतून साड्यांबरोबर करवत निघाली तर लोक काय म्हणतील ते मला कळत होतं. पण लग्नातच सगळ्यांनी पाहिलं, की ही पेटी नवरीनं केली, तर मग करवतीला कुणी हरकत घेणार नव्हतं. सुई आणली, तशी करवत आणली. एवढा साधा हिशेब होता.

म्हणून मी पेटी करायला घेतली. बाबांनी सागवानाच्या फळ्या आणून दिल्या. बाकी सगळं मी केलं. झाकणावर हुदहुद काढायचा ठरवला. आमच्या परसात कडुनिंबाखाली तो रोज यायचा, डोक्यावर तुरा उभारून माती टोचत बसायचा. रंग म्हणाल तर सगळे लाकडातलेच. अंग बिजाचं, पंखांवरचे पट्टे शिसम आणि शिवणीचे, तुऱ्याची टोकं शिसमाची. वाळूत एकेक पीस भाजून घेतलं. तुऱ्यातली पिसं इतकी बारीक होती की जोरानं श्वास सोडला तरी उडायची. एक पीस उडून हरवलंच. मी दिवसभर केर चाळत बसले आणि शेवटी ते माझ्याच वेणीत सापडलं.

चित्र झाकणावर चिकटवल्यावर सरस वाळेपर्यंत वरून भक्कम दाब लागतो. मी झाकण दोन फळ्यांमध्ये ठेवून वर पाटा ठेवला, पण एक कोपरा उचलत होता. तेवढ्यात आत्या लग्नाच्या याद्या करायला आली. आत्याची प्रकृती चांगली होती. मी पाटा काढला, वर चादर घातली आणि म्हटलं, "बस ना आत्या, इथं वारा येतो." ती दुपारभर तिथं बसून मण्यांचा हंस कुणाकडं आहे याची चौकशी करत राहिली. त्या झाकणाला आजतागायत कुठं फुगवटा आलेला नाही. त्याचं श्रेय मी आत्याला मनापासून देते.

पेटी तयार झाल्यावर ज्यानं त्यानं येऊन म्हटलं, "सुतारपक्षी छान झाला." मी पहिल्या दोघातिघांना सांगितलं, की हा सुतारपक्षी नाही, हुदहुद आहे. मग सोडून दिलं.

लग्न एका शाळेच्या पटांगणात होतं. रुखवताचं टेबल मी बसले होते तिथून समोरच दिसत होतं. आत्यानं रात्रीच कोरी कार्डं कापून, प्रत्येकावर करणाऱ्याचं नाव शाईनं लिहून वस्तूंपुढं ठेवली होती. विधी चालू असताना ती माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "तुही पेटी दादाच्या नावावर टाकली. काळजी करू नको. तुह्या नावावर पाच वस्तू ठेवल्या, टेबलक्लॉथ धरून."

काळजी करू नको! मला तिथल्या तिथं उठावंसं वाटलं. पण एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला मामा, समोर होम, आणि पदराला गाठ. नवरीला अशी चारी बाजूंनी का बांधून बसवतात, ते मला त्या दिवशी कळलं.

मी बसल्या जागेवरून पाहत होते. मुलाकडच्या बायका हंसाचं कौतुक करून पेटीपाशी आल्या. एकीनं झाकणावर नखानं खरवडून पाहिलं. "कागद चिटकवला हाय," ती म्हणाली. दुसरीनं पदराचं टोक ओलं करून घासलं. "रंग हाय वं." मग माझे सासरे आले. त्यांनी चष्मा पुढं-मागं करत पुष्कळ वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे कोणं केलं गा?" कार्ड वाचलं. दादाला बोलावणं गेलं.

दादा आला. तो तोवर बिचारा वऱ्हाडाला पाणी देत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तो माझ्याकडं बघायला लागला. मी डोळे वटारले. तो अगदी एवढासा वेळ घुटमळला. मग त्याच्यातला कलावंत जागा झाला. "शिसम जरा नाठाळ असते मामाजी," तो म्हणाला, "त्याले समजून घ्या लागते."

हे वाक्य माझं होतं. मी आठवडाभर आधी त्याला इस्त्री करता करता सांगितलं होतं.

निघताना मी बाबांपाशी रडले, सगळ्याच मुली रडतात त्यात ते खपून गेलं. बाबांना मात्र समजलं असावं. ते म्हणाले, "जाऊ दे बेटा, पेटी तर तुझ्यासोबतच येते आहे ना." पेटी आली. करवत राहिली. वधूच्या भावाची करवत वधूच्या ट्रंकेत कशासाठी?

सासरी पेटी बैठकीतल्या काचेच्या कपाटावर विराजमान झाली आणि टेबलक्लॉथ खालच्या टेबलावर. येणाऱ्या प्रत्येकाला सासरे वरची वस्तू दाखवायचे, "सुनेच्या भावानं केली," आणि सासूबाई खालची, "सुनेनं भरला." मी दोन्हींच्या मध्ये चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे. नवऱ्याला मी पहिल्याच आठवड्यात खरं काय ते सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, "अरे वा! पण माह्या बाबाले सांगू नको, त्याइले दादा लय आवडते." भला माणूस असण्याचे हे असे तोटे असतात.

पेटीचं मी एक वेळ गिळलं असतं, पण टेबलक्लॉथ मला गिळायला निघाला. गल्लीतल्या बायका दुपारी ब्लाउजपीस घेऊन यायला लागल्या, "एक फूल टाकून दे वं." मला साधा साखळी टाकादेखील धड येत नव्हता. मी म्हणायचे, डोळे दुखतात. सासूबाई प्रेमळ. त्यांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी सगळी अक्षरं वाचून घेतली, डोळे उत्तम आहेत म्हणाले, पण सासूबाई समोरून हलेनात तेव्हा शून्य नंबरचा चष्मा लिहून दिला. तो चष्मा लावून मी भांडी घासायचे आणि गल्ली म्हणायची, "बिचारीनं भरून भरून डोळे घालवले."

अशात सासऱ्यांच्या थोरल्या भावाची साठी आली. भावाला काय द्यायचं, याबद्दल सासऱ्यांच्या मनात काही शंका नव्हती. दादाच्या हातची पेटी. ते स्वतः आमच्या घरी जाऊन सांगून आले. वर म्हणाले, "इथंच येऊन बनव. माह्या डोयासमोर झाली पाह्यजे." दादा हो म्हणाला. नंतर मला म्हणाला, "एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

तो आला तो पिशवीत करवत घेऊन. ती पाहिली आणि मला त्याचा एकाच वेळी गळा धरावासा आणि गळ्यात पडावंसं वाटलं. वरच्या माडीत भांड्यांच्या पेट्यांचं गवत आणि रिकामी खोकी ठेवायची खोली होती, ती दादाला दिली. दादानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, की आपल्याला कामात एकांत लागतो, फक्त बहीण हाताखाली असली म्हणजे झालं. मग दुपारचं आवरलं की मी वर जायचे. मी कापायचे, तो गवतावर आडवा होऊन वाचत पडायचा. जिन्यावर पाऊल वाजलं की तो उठून करवत हातात घ्यायचा आणि मी पदरानं भुसा झाडायला लागायचे. सासरे आले की तो त्यांना शिसमाचा स्वभाव समजावून सांगायचा. मला सांगायला लाज नाही, की त्या दिवसांत मी सासरी प्रथमच पोटभर जेवत होते आणि गाढ झोपत होते. फक्त एक विचार पाठ सोडत नव्हता. साठी झाली की दादा जाणार, आणि त्याच्यामागोमाग करवतही.

एका दुपारी दादा वाचता वाचता घोरायला लागला. मी तुऱ्याचं शेवटचं पीस कापत होते. सासरे हुदहुदच हवा म्हणाले होते, म्हणजे सुतारपक्षी म्हणाले होते. सासूबाई जिन्यात कधीच चपला घालून येत नसत, हे मी विसरले. त्या दारात उभ्या होत्या, हातात दादासाठी चहाचा कप आणि चिवड्याची बशी. त्यांनी घोरणाऱ्या दादाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग करवतीकडं.

मी सुटकेचा श्वास सोडला. खरंच सांगते. म्हटलं, झालं एकदाचं, आता उघडं पडलं.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "बहीण असावं तं असं," त्या म्हणाल्या. "भाऊ थकून झोपला अन् हे त्याचं काम पुरं करून राह्यली."

आता मात्र माझं डोकं फिरलं. करवत हातात असताना पकडली गेले तरी चोरी माझी मानायला कुणी तयार नाही! मी म्हटलं, "आई, हे त्याचं काम नाही. माझं आहे. खालची पेटीही मीच केली. त्याला हे येत नाही, कधीच येत नव्हतं."

"माहेरच्याइचं करते म्हून एवढं मनाले लावून घेऊ नये वं," त्या समजुतीनं म्हणाल्या. "भाऊ आहे तुहा. केलं थोडं तं काय झालं?"

मी त्यांच्या हातातला कप आणि बशी घेऊन खोक्यावर ठेवली आणि म्हटलं, "बसा." त्या गवतावर बसल्या. शिसम आणि शिवण एकमेकांवर चिकटवलेला एक तुकडा बाजूला पडला होता. तो मी वर नक्षीचा कागद न लावताच घेतला आणि त्यातून कडुनिंबाचं एक पान कापायला लागले, सगळे दाते काढून. सासूबाई बघत होत्या. करवतीचा बारीक आवाज आणि दादाचं घोरणं, एवढंच चाललं होतं. पान निघालं. मी दोन्ही पापुद्रे सोडवले, पांढरं पान काळ्याच्या भोकात बसवलं, अंगठ्यानं दाबलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. सांधा लागला नाही. मग त्यांनी माझा उजवा हात धरून उलटा केला आणि करवतीच्या मुठीनं पडलेले घट्टे पाहिले. मग डावा हात घेतला. भरतकाम करणारीच्या डाव्या हाताची बोटं सुई टोचून टोचून खरबरीत झालेली असतात, त्यांचीही होती. त्यांनी माझ्या बोटांची टोकं एकेक करून चाचपली. ती मऊ होती.

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "मंग तो टेबलक्लॉथ कोणं भरला?"

याचा मी विचारच केला नव्हता. पेटी माझी म्हटली की टेबलक्लॉथ माझा राहत नाही, आणि त्या टेबलक्लॉथवरच तर माझं लग्न जमलं होतं. मी म्हटलं, "आत्यानं."

"अन् चष्मा?"

मी चष्मा काढून पदराखाली घेतला. मला रडू येत होतं आणि सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता. आत्याला त्या जे म्हणाल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत्याच्या आईबापांनाही त्यांनी सोडलं नाही. दादा कूस बदलून पुन्हा घोरायला लागला. मला वाटलं, आता खाली जाऊन सगळ्यांना गोळा करतील, सासऱ्यांना हाक मारतील, बाबांना बोलावणं धाडतील. त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि परत फिरल्या.

"साऱ्या गल्लीले सांगून बसली मी," त्या म्हणाल्या. "सून भरते म्हून. आता कोन्या तोंडानं सांगू? उद्यापासून दुपारी माह्यापाशी बसायचं. टाके शिकायचे. दसऱ्यापरेंत एक रुमाल भरून दाखवायचा, मांगून बी समोरच्यावानी. अन् ते करवत राहू दे इथंच. तुह्या भावाले तिचं काय काम?"

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. मी पुढ्यातल्या पापुद्र्यांवर हात ठेवून विचारलं, "आणि हे?"

"हे तं येतेच ना तुले," त्या म्हणाल्या, आणि दादासाठी आणलेला चहा माझ्यापुढं सरकवून जिना उतरून गेल्या.